गावात पर्यावरणाचा ग्रुप काढलाय, आता नेमकं करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दुष्काळी पट्ट्यातलं गाव, शिवार हजारेक हेक्टर, पाऊस सरासरी ५०० मिलिमीटर, लोकसंख्या दोन हजार. पंधरा-वीस जणांनी ग्रुप काढला, दोन वर्षं पाच जूनला झाडं लावली, त्यातली बहुतेक वाळली, आता गावातले लोक टोमणे मारतात. आणि ग्रुपमधल्यांनाच शंका यायला लागलीय की हवामान बदल एवढा जगाचा प्रश्न, त्यात आपण गावात बसून काय दिवे लावणार.

मी पाणलोटाच्या कामात बरीच वर्षं आहे, मराठवाडा, नगर, माण-खटाव हा सगळा भाग फिरलोय, म्हणून सरळच सांगतो. यावर्षी झाडं लावू नका. खड्डे पण घेऊ नका. आधी मोजायला शिका.

आता शंकेचं बोलू. तुमच्या गावाने धूर कमी केला म्हणून जगाचं तापमान उतरणार नाही हे खरंय, पण तो प्रश्न तुमच्या शिवारात कसा उतरतोय ते बघा ना. २०२३ चा ऑगस्ट आठवा, देशात १९०१ पासूनच्या नोंदीत इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता, सोयाबीन फुलोऱ्यात होतं आणि आभाळ कोरडं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात, सोलापुरात तेच शेत पाण्याखाली, नदीकाठची मातीच खरवडून गेली, खाली मुरूम उघडा पडला. वर्षाच्या बेरजेत पाऊस कदाचित सरासरीएवढाच दिसेल, पण तो चार तडाख्यांत पडतो आणि मधे महिनाभर गायब होतो. म्हणजे गावपातळीवर हवामानाचं काम म्हणजे काय, तर तडाख्यातलं पाणी आणि माती गावात अडवायची, आणि जे पाणी अडलं ते पुढच्या पावसापर्यंत पुरेल असं वापरायचं. पहिलं काम सगळ्यांना आवडतं कारण त्यात जेसीबी असतो, उद्घाटन असतं, फोटो असतात. दुसऱ्याचं नाव काढलं की ग्रामसभेतून माणसं उठून जातात. पण गावं सुधारलीत ती दुसऱ्या कामाने, हे माझं ठाम मत आहे.

तर मोजणं. एक साधा पर्जन्यमापक घ्या, उघड्यावर बसवा, झाड-भिंत जवळ नको, आणि रोज सकाळी साडेआठला एकाच माणसाने वाचायचा, तो गावाला गेला तर कोण वाचणार ते आधीच ठरवून ठेवा. सरकारी नोंद महसूल मंडळाच्या केंद्राची असते, ते केंद्र तुमच्यापासून दहा-बारा किलोमीटरवर असू शकतं, तिथे ६५ मिलिमीटर पडला की अतिवृष्टी धरतात आणि तुमच्याकडे चाळीसच पडलेला असतो किंवा उलटंही होतं. तुमच्या वहीतल्या आकड्याला कागदोपत्री किंमत नाही, पण तलाठ्यासमोर, कृषी सहाय्यकासमोर वही घेऊन बसलेल्या माणसाशी बोलणं वेगळ्या सुरात होतं हे मी पुष्कळदा पाहिलंय.

मग विहिरी. पंधरा-वीस निवडा, शिवाराच्या माथ्यावरच्या, मधल्या आणि खालच्या ओढ्याकाठच्या, आणि सगळ्या मोठ्या शेतकऱ्यांच्याच नकोत. प्रत्येकीच्या कठड्यावर रंगाने खूण करा, महिन्याच्या शेवटी त्याच खुणेपासून टेप सोडून पाणी किती खोल आहे ते लिहा. मोटर रात्रभर बंद असली पाहिजे, नाहीतर तुम्ही उपसा मोजताय, पातळी नाही. भूजल सर्वेक्षणवाले आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेतात, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर, तर तुमच्या भागात त्यांची निरीक्षण विहीर कोणती ते विचारून घ्या, शेजारच्या गावातली असली तरी तुलनेला उपयोगी पडते.

आणि हे आकडे व्हॉट्सअॅपवर टाकून सोडून देऊ नका, तिथे ते गुड मॉर्निंगच्या खाली गाडले जातात. दूध डेअरीच्या भिंतीवर फळा लावा, तिथे सकाळ-संध्याकाळ अर्धं गाव येतं. पहिले दोन महिने कोणी बघणार नाही, नंतर कोणीतरी म्हणेल की माझ्या विहिरीचा आकडा चुकीचा आहे, चला पुन्हा मोजू. तिथून खरं काम सुरू झालं असं समजा.

पाऊस संपला की हिशेब मांडायचा, याला पाण्याचा ताळेबंद म्हणतात. फार अवघड गणित नाहीये. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. तुमचं हजार हेक्टर आणि ५०० मिलिमीटर धरला तर ५०० कोटी लिटर झाले. ऐकायला प्रचंड वाटतं, पण यातला मोठा भाग उन्हाने उडतो, पिकं आणि गवत घेतात, काही ओढ्याने वाहून जातं. आपला खडक बेसाल्ट, त्यात मुरूम आणि मांजऱ्या (मऊ, सच्छिद्र खडक) असेल तिथे पाणी मुरतं, काळ्या पाषाणात भेगा सापडल्या तरच. सरासरी दहा टक्के मुरलं असं धरून चाला म्हणजे ५० कोटी लिटर. त्यातून दोन हजार माणसांना जलजीवन मिशनच्या (घरोघरी नळाची केंद्राची योजना) मापाने माणशी रोज ५५ लिटर दिले तर वर्षाला चार कोटी लागतात, जनावरांचे दोनेक कोटी धरा. राहिले ४४ कोटी, ते शेतीचे.

आता इथे जरा थांबून बघा. मोकळं पाणी दिलेल्या उसाला आपल्या भागात हेक्टरी दीड-दोन कोटी लिटर लागतात, म्हणजे साठ-पासष्ट एकर उसात सगळं गाव संपलं. आणि तेच ४४ कोटी हरभऱ्याला, रब्बी ज्वारीला दोन संरक्षित पाण्याच्या (पीक ऐन ताणात वाचवण्यापुरत्या) पाळ्या म्हणून दिले, हेक्टरी पंधरा लाखांच्या हिशेबाने, तर सातशे एकराच्या वर भिजतं. ठिबकने फरक पडतो, पण बहुतेक वेळा वाचलेल्या पाण्यावर माणूस उसाचंच क्षेत्र वाढवतो, त्यामुळे ठिबक आलं म्हणजे हिशेब सुटला असं समजू नका. माझे आकडे ढोबळ आहेत, तुमच्या गावचे तुम्ही काढा, खडक कुठे कसा आहे ते विहीर खोदणाऱ्या जुन्या माणसांना विचारा, त्यांना कुठे किती फुटांवर मांजऱ्या लागतो ते तोंडपाठ असतं.

नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार पाण्याच्या कामासाठी नावाजलेलं, तिथे तुम्ही गेला असाल किंवा जाल, सगळेच जातात. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, २०२० ला पद्मश्री मिळाली, ही माहिती गाईड सांगतो आणि बंधारे दाखवतो, आपणही बंधाऱ्यावर उभं राहून फोटो काढतो आणि परत येतो. पण तिथे बघायची गोष्ट बंधारे नाहीतच. चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या त्या गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही हे ठरवलं, ऊस आणि केळी नको ठरवलं, मोकाट चराई आणि कुऱ्हाड बंद केली, आणि दरवर्षी पाऊस मोजून कोणतं पीक किती घ्यायचं ते ग्रामसभेत बसून ठरवतात. हे फोटोत येत नाही म्हणून बाकीची गावं ते घेऊन येत नाहीत. जलयुक्त शिवार या राज्याच्या पाणी अडवायच्या योजनेवर कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, जो अहवाल २०२० मध्ये आला त्याचा रोखही तोच होता, साडेनऊ हजार कोटींच्या वर खर्च झाला आणि भूजल वाढण्यावर त्याचा परिणाम फार थोडा दिसला. कामं वाईट होती असं मी म्हणत नाही, चांगलीही पुष्कळ झाली, पण पाणी दिसलं की बोअर वाढले, बागा वाढल्या.

बोअरबद्दल कायदा काय म्हणतो ते ग्रुपमध्ये एकाला तरी नीट माहीत पाहिजे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा जास्त खोल म्हणजे खोल विहीर, तिच्यावर बंधनं आहेत, आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताजवळ, ५०० मीटरच्या आत, मनाला येईल तशी विहीर घेता येत नाही. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. तुमच्याकडे लोक किती फुटांवर गेलेत ते तुम्हालाच माहीत. कायद्याचा धाक दाखवून बोअर थांबल्याचं मी फारसं पाहिलं नाही, बोअरची गाडी रात्री येते आणि सकाळपर्यंत पाइप टाकून जाते. तुमचा ठराव असेल, शेजाऱ्याच्या विहिरीची पातळी फळ्यावर असेल तरच गाडीवाल्याला कोणीतरी अडवायला जातं. आणि सुरुवात जुने बोअर बंद करण्यापासून करू नका, त्याने भांडणंच होतील. नवीन नको एवढंच आधी ठरवा.

शेततळ्याचंही सांगतो कारण हमखास कोणीतरी म्हणणार की आपण शेततळी करू. ओढ्याचं, शेताचं वाहतं पाणी धरणारं, बिनप्लास्टिकचं शेततळं चांगलंच. पण प्लास्टिक घातलेलं मोठं तळं आणि ते विहीर-बोअरच्या पाण्याने भरायचं, हे म्हणजे जमिनीत सावलीला असलेलं सगळ्यांचं पाणी उपसून एकाच्या नावावर उन्हात ठेवणं. वर्षाला दीड-दोन मीटर पाण्याची वाफ होते आपल्याकडे. फळबागवाल्यांना हे बोललेलं आवडत नाही, तरी बोला, पण माणसाचं नाव न घेता, नुसते एकूण आकडे वाचून. तळी किती, ती भरली कशाने, त्या महिन्यात आजूबाजूच्या विहिरी किती उतरल्या. ज्याला कळायचं त्याला कळतं.

कामांकडे आता वळू, ती करायचीच आहेत. क्रम माथा ते पायथा, हे सगळे पाठ म्हणतात आणि पहिला जेसीबी मात्र ओढ्यातच उतरवतात. वर डोंगरउतारावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले), घळीत अनघड दगडी बांध, मग शेतांची बांधबंदिस्ती, आणि सगळ्यात शेवटी ओढ्यावर माती नाला बांध, गॅबियन (जाळीत बांधलेल्या दगडांचा बंधारा), सिमेंट बंधारा जे बसेल ते. वरचं न करता खाली बंधारा बांधला तर दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. चर समपातळीतच पाहिजे, नजरेने आखला तर पाणी एका टोकाला गोळा होऊन तिथूनच फुटतं आणि नवीन घळ तयार होते, म्हणून ए-फ्रेम किंवा हायड्रोमार्कर वापरायला शिका, पारदर्शक नळी आणि दोन पट्ट्या एवढंच ते यंत्र. वॉटर कप या पाणी फाउंडेशनच्या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेची पहिली फेरी २०१६ ला वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत झाली, कोरेगावातलं वेळू पहिलं आलं, त्या स्पर्धेने बक्षिसापेक्षा मोठी गोष्ट ही केली की शाळा सोडलेल्या पोरापोरींना कंटूर, म्हणजे समपातळीची रेषा, आखता यायला लागला. असा प्रशिक्षण घेतलेला माणूस तुमच्या तालुक्यात शोधा, सापडेल.

ओढा खोलीकरणावर मात्र ताबा ठेवा. मुरुमाखालचा पाषाण फोडायचा नाही, ओढ्यातली वाळू हलवायची नाही. खोल खड्ड्यात भरपूर पाणी दिसतं म्हणून लोक खूश होतात, पण ते कितीदा तरी आजूबाजूच्या विहिरींतूनच झिरपून आलेलं असतं. वाळूचा विषय निघाला म्हणून, तुमच्या ओढ्यातून ट्रॅक्टर जात असतील तर रात्री मोबाइल घेऊन शूटिंग करायला दोन-तीन पोरं पाठवू नका. हे गमतीचं काम नाही, माणसं मार खातात. ग्रामसभेचा ठराव, सरपंचाच्या सहीचा अर्ज, तहसीलदाराची पोच, आणि पन्नास माणसं एकदम.

झाडांचं आता. तुमची झाडं का गेली ते मी न बघता सांगू शकतो, शेळ्यांनी खाल्ली नाहीतर पहिल्या उन्हाळ्यात पाणी मिळालं नाही. पण मला वेगळं विचारायचंय, ती लावली कुठे? गायरानावर, माळावर असेल तर तिथे आधी काय होतं? माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं, त्यावर जगणारी लांडगा-खोकड, चंडोल, सोलापूरकडे नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे ते असल्याच माळावर. तिथे गिरीपुष्प किंवा निलगिरीच्या रांगा लावून हिरवं केलं तर गवतही जातं, चाराही जातो. माळावर तीन वर्षं चराई थांबवा, गवत विळ्याने कापून न्या, जनावर सोडू नका, बघा काय होतं ते. जुन्या खुंटांना धुमारे फुटतात, बोर, हिवर, पळस आपोआप येतात, त्यांची मुळं आधीच खाली गेलेली असतात म्हणून ती जगतात. झाडं लावायचीच असतील तर बांधावर, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, घरापुढे. करंज, कडुनिंब, चिंच, आपटा, आणि जेवढी दोन उन्हाळे पाणी घालून जगवता येतील तेवढीच.

चराईबंदीचा ठराव टाळ्या वाजवून मंजूर होतो कारण सभेत बसलेल्यांच्या गोठ्यात चारा असतो. ज्याच्याकडे जमीन नाही आणि वीस शेळ्या आहेत तो सभेला आलेलाच नसतो. म्हणून गायरानाचे तीन तुकडे करा, एक बंद, दोन उघडे, दर दोन-तीन वर्षांनी बदला, आणि गवत कापायचा पहिला हक्क भूमिहीनांना द्या. आणखी एक, मराठवाड्यात पुष्कळ गावांत गायरान भूमिहीन कुटुंबं, बरीचशी दलित, दोन-तीन पिढ्या कसत आलीत. त्यांना ‘अतिक्रमण’ म्हणून उठवून तिथे वृक्षारोपण करायचं काम कोणी तुमच्या ग्रुपच्या गळ्यात घालू पाहील. घेऊ नका. गावातली जुनी भांडणं पर्यावरणाच्या नावाने खेळली जातात आणि त्यात ग्रुपचा वापर होतो.

जंगल लागून असेल तर वेगळा रस्ता आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवला, २०११ पासून बांबू ग्रामसभेच्या परवान्याने विकला. धुळ्याच्या बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या पुढाकाराने जंगल राखलं ते गावानेच केलेले नियम, दंड आणि राखणदार यांच्या जोरावर, त्यांना २०२५ ला पद्मश्री जाहीर झाली. दोन्हीकडे नियम गावाचे आहेत, वरून आलेले नाहीत.

ग्रुपबद्दल थोडं. पंधरा-वीसमध्ये बायका किती? नसतील तर ग्रुप अर्धाच आहे, कारण पाणी कधी कमी व्हायला लागलं हे त्यांना फळ्याच्या आधी कळतं. आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची असते, बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरवरच होते, ती खरी भरवा, पिण्याच्या पाण्याचा विषय तिथून ठराव होऊन आला तर मोठ्या सभेत कोणी सहज उडवत नाही. वेगळी संस्था रजिस्टर करायची घाई करू नका, संस्था झाली की अध्यक्ष कोण यावर पहिलं वर्ष जातं. कायद्याने गावात आधीच जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे, २००२ च्या कायद्यातली, कागदावर नक्की आहे. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली तेव्हा लोक जैवविविधता नोंदवह्या घाईघाईत लिहून झाल्या, तुमच्या गावची मागून घ्या आणि वाचा, त्यात गावात नसलेले प्राणी सापडले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. पोकराचं (राज्याच्या कृषी संजीवनी प्रकल्पाचं) गाव असेल तर कृषी संजीवनी समितीही असेल. या समित्यांत शिरा, जागा रिकाम्याच असतात. पैशाचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, पण तो कुठे गेला हे विचारायला आराखड्याच्या सभेत कोणी नसायचं. माझी वसुंधरा या राज्य सरकारच्या पर्यावरण अभियानाची स्पर्धा आहे २०२० पासून, भाग घ्या, पण गुणांसाठी काम करू नका, तो फॉर्म भरण्यातच माणसं दमतात.

सोलर पंप घ्यावेत का असं विचारलंय. विजेचं बिल नाही, रात्री साप-विंचवात दारं धरायला जायला नको, हे फार मोठं सुख आहे, कोणी नाही म्हणू नये. पण फुकट चालणारा पंप कोणी बंद करत नाही. पंप यायच्या आधी पाण्याचा नियम झाला पाहिजे, नंतर होत नाही. प्लास्टिक, कचरा, बांध पेटवणं थांबवणं ही कामंही आहेतच, शाळेला सोबत घेऊन करा. फक्त माळाच्या कडेने जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) फेब्रुवारीच्या आत काढा, मार्चमध्ये वणवा लागला की तीन वर्षांचं गवत एका दुपारी जातं.

आता तुमचं पहिलं वर्ष कसं जाईल ते. मे महिन्यात विहिरींच्या खुणा करून पातळी घ्या, जूनपासून पाऊस लिहा, सप्टेंबरअखेर ताळेबंद मांडा आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एकच कागद वाचा: किती पडला, किती मुरला, सध्याची पिकं बघता कोणत्या महिन्यात टँकर लागेल. महिन्याचं नाव स्पष्ट घ्या. उपाय सुचवू नका, कोणी विचारलं तरी म्हणा पुढच्या सभेत बोलू. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं लागतात, यातलं जे कमी असेल ते, तेवढी बसवणं हे मात्र तुमचं काम, नाहीतर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, तिथे काय वाट्टेल ते मंजूर होतं. मग रब्बीच्या पेरणीआधी आणखी एक बैठक, त्यात नवीन बोअर नको आणि उसाचं क्षेत्र यावर्षी वाढवायचं नाही, एवढे दोनच विषय. एक मंजूर झाला तरी चाललं. मग कामांचं बघू, त्यावेळी शिवाराचा नकाशा आणि विहिरींची वही घेऊन या, कुठे चर आणि कुठे बांध ते तेव्हा सांगता येईल.